ई-सायकलवरून नाशिकदर्शन आणि व्हिस्की कारखान्याची भेट : एका सहलीच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका लहान पर्यटन संस्थेचे आहे. संस्थेचे, तिच्या भागीदारांचे, पाहुण्यांचे आणि संबंधित कारखान्याचे नाव येथे दिलेले नाही, तसेच ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत. संस्थेत तीन भागीदार होते. एकाचा टुरिस्ट गाड्यांचा जुना व्यवसाय होता, दुसरी भागीदार हॉटेल व्यवस्थापन शिकलेली होती आणि तिसरा, वयाने सर्वांत लहान, सायकलवेडा होता. ई-सायकलींची कल्पना अर्थातच त्याची.

नाशिकला मद्य-पर्यटन नवे नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये वाइन टेस्टिंगचे दालन सुरू केल्यापासून मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांची रीघ वाढतच गेली, आणि त्या भागात वाइन टूर चालवणाऱ्यांची संख्याही त्याच प्रमाणात वाढली. या गर्दीत आणखी एक वाइन टूर काढण्यात अर्थ नाही, हा भागीदारांचा हिशेब चुकीचा नव्हता. दिंडोरी रस्त्याच्या बाजूला व्हिस्की तयार करणारा एक कारखाना आगाऊ नोंदणी केलेल्या छोट्या गटांना आत घेत असे आणि भेटीच्या शेवटी त्याच्या परवानाधारक दालनात टेस्टिंगही देत असे. सकाळी पंचवटी आणि जुने नाशिक, मग दिंडोरी रस्त्याने रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत आणि शेवटी व्हिस्कीचा कारखाना, अशी सहल कोणीच चालवत नव्हते.

मार्ग आणि वेळापत्रक

सकाळी साडेसहाला अहिल्यादेवी होळकर पुलाजवळ सर्वांनी जमायचे. तेथून रामकुंड, १७४७ मध्ये बांधलेले आणि वसईच्या विजयाची आठवण सांगणारी घंटा मिरवणारे नारोशंकराचे मंदिर, मग काळाराम मंदिर. १९३० च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्या दरवाजासमोर गाइड दहा मिनिटे थांबत असे. पंचवटीच्या बोळांत सायकली हातात धरूनच न्याव्या लागत. सव्वाआठला मिसळ, मग दिंडोरी नाका, म्हसरूळ आणि पुढे रामशेज. संभाजी महाराजांच्या काळात ज्या किल्ल्याने मुघलांना वर्षानुवर्षे झुंजवले तो किल्ला पायथ्यावरून पाहून साडेदहाच्या सुमारास कारखाना गाठायचा. शहरातील पाच आणि रस्त्यावरचे एकोणीस, असे एकूण चोवीस किलोमीटर होत.

कारखान्यातील भेट तासाभराची होती आणि ती खरोखर चांगली होती. भिजवून मोड आणलेले आणि मग वाळवलेले जव म्हणजे माल्ट, त्याचा भरडा, गरम पाण्यात उतरलेला गोड काढा, आंबवणाच्या टाक्यांवर येणारा फेस आणि तांब्याच्या भट्ट्यांतून दोनदा होणारे ऊर्ध्वपातन, हे सर्व क्रमाने दाखवले जाई. भट्टीतून आलेल्या धारेतील सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधलाच भाग पिंपांत का भरतात, हे तेथील तंत्रज्ञ समजावून सांगत. स्कॉटलंडमध्ये पिंपांतून वर्षाला दोनेक टक्के मद्य उडून जाते, तर आपल्याकडच्या उष्ण हवेत त्याच्या कित्येक पट, त्यामुळे येथील व्हिस्कीला फार वर्षे पिंपात ठेवणे परवडत नाही, ही गोष्ट पाहुण्यांच्या सर्वांत जास्त लक्षात राही. तंत्रज्ञ पिंपात न भरलेल्या ताज्या मद्याचे दोन थेंब पाहुण्यांच्या तळहातावर टाकत आणि हात चोळायला सांगत. अल्कोहोल उडून गेले की हाताला फक्त भाजलेल्या धान्याचा वास उरे. ज्यांना पिण्यात रस नव्हता त्यांनाही हे आवडे, आणि पुढे पर्यायांचा विचार करताना ही बाब उपयोगी पडली.

पहिला निर्णय : बॅटरी कुठे ठेवायची

सुरुवातीच्या सायकलींची बॅटरी ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासांची, म्हणजे २७० वॅट-तासांची होती. पॅडल मारत मोटरची मदत घेतल्यास किलोमीटरला साधारण १० वॅट-तास लागतात. या हिशेबाने २७ किलोमीटर अंतर निघते. प्रत्यक्षात पाहुणे म्हसरूळच्या पुढे पॅडल मारणे सोडून थ्रॉटलवरच, म्हणजे मूठ पिळून नुसत्या मोटरवर, बसत, त्यामुळे कारखान्याच्या फाटकाशी पोहोचताना निम्म्या सायकलींचा शेवटचा दिवा लुकलुकत असे. पाहुणे आत असताना तासाभरात जमेल तेवढे चार्जिंग करून घ्यायचे, अशी मूळ आखणी होती.

कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी ती पहिल्याच बैठकीत फेटाळली. शुद्ध इथेनॉलचा ज्वलनबिंदू सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे आणि ४० टक्के तीव्रतेच्या मद्याचाही सुमारे २६ अंश. म्हणजे नाशिकच्या कोणत्याही दुपारी त्याची वाफ पेट घेऊ शकते. जेथे पाहुण्यांचे मोबाइलसुद्धा फाटकावर जमा करून घेतले जातात, तेथे उन्हात तापून आलेल्या दहा लिथियम बॅटऱ्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावू देणे शक्यच नव्हते. सायकली आवाराबाहेर, फाटकापासून दूर, झाडाखाली लावायच्या आणि चार्जिंग अजिबात करायचे नाही, असे त्यांनी लेखी कळवले.

संस्थेने यावर काढलेला तोडगा सरळ होता. टुरिस्ट गाड्यांच्या भागीदाराने टेम्पो आणि ट्रॅव्हलर लावले. पाहुणे आत असताना सायकली टेम्पोत चढत आणि टेस्टिंग झाल्यावर पाहुणे ट्रॅव्हलरमधून शहरात परतत. पहिला हंगाम असाच पार पडला आणि एकही तक्रार आली नाही.

या टप्प्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुढच्या घटनेचे मूळ येथेच आहे. टेस्टिंगनंतर कोणीही सायकल चालवत नव्हते, हे खरे, परंतु तसे कोणी ठरवलेले नव्हते. बॅटरी पुरत नाही म्हणून ते आपोआप घडत होते. संस्थेच्या कोणत्याही कागदावर, गाइडच्या सूचनांत किंवा पाहुण्यांच्या अर्जात ‘मद्य घेतल्यानंतर सायकल नाही’ असे वाक्य नव्हते. नियम नसतानाही नियम पाळला जात होता, आणि तो नियम नाही हे लक्षात येण्याचे काही कारणच घडले नव्हते.

दुसरा निर्णय : टेम्पो बंद करणे

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर संस्थेने ५०४ वॅट-तासांच्या बॅटरीच्या नव्या सायकली घेतल्या. आता त्रेचाळीस किलोमीटरची पूर्ण फेरी एका चार्जमध्ये होऊ शकत होती. टेम्पो आणि ट्रॅव्हलर यांच्या भाड्यात सहलीच्या नफ्याचा मोठा भाग जात असल्याने ते बंद करावे, असा प्रस्ताव आला. सायकलवेड्या भागीदाराला तर परतीचा प्रवासही सायकलवरच व्हावा असे मनापासून वाटत होते, कारण त्याच्या मते ट्रॅव्हलरमधून परतणे म्हणजे सहलीचा अर्धा आनंद गमावणे. हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्या भागीदाराने टेस्टिंगचा मुद्दा काढला होता. त्यावर जे उत्तर मिळाले ते तेव्हा तिलाही पटले: मात्रा अगदी थोडी आहे, आणि ही सायकल आहे, गाडी नव्हे.

दोन्ही गोष्टी अर्धसत्य होत्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची क्षमता ०.२५ किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली, पॅडलला मदत करणारी हलकी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. मद्यपान करून वाहन चालवण्याबद्दलचे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ मोटार वाहनालाच लागू होते. (सायकल पुरवणाऱ्याने वेगमर्यादा ‘खोलून’ देण्याची तयारी दाखवली होती. भागीदारांनी ती नाकारली, हे बरे झाले. तसे केले असते तर त्याच क्षणी ही सवलत संपली असती आणि बिननोंदणीची वाहने पाहुण्यांच्या हाती दिल्यासारखे झाले असते.) परंतु कलम १८५ लागू नाही याचा अर्थ कोणताच कायदा लागू नाही असा होत नाही. सार्वजनिक ठिकाणी नशेत असणे आणि गैरवर्तन करणे याबद्दल महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचे कलम ८५ आहेच. शिवाय नशेत झालेली दुखापत अपघात विम्यातून बहुधा वगळलेली असते, आणि हे संस्थेच्या स्वतःच्या पॉलिसीतही छापलेले होते.

राहिला मात्रेचा प्रश्न. टेस्टिंगमध्ये १५ मिलीचे तीन नमुने, म्हणजे ४५ मिली व्हिस्की मिळे. आपल्याकडच्या नेहमीच्या ४२.८ टक्के तीव्रतेने हिशेब केला तर त्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल होते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलीमागे साधारण ३२ मिलिग्रॅम आणि पंचावन्न किलोच्या स्त्रीच्या रक्तात साधारण ५० मिलिग्रॅम इतके प्रमाण होऊ शकते. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ज्या मात्रेला ‘नुसती चव’ म्हटले जात होते तीच मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे नेणारी होती, आणि हा हिशेब करायला पाच मिनिटे लागली असती. भागीदारांच्या बैठकीत टेम्पोच्या भाड्याचा हिशेब मात्र पैशांपर्यंत झाला होता.

प्रत्यक्ष घटना

डिसेंबरमधील एका शनिवारी पुण्यातील एका कंपनीच्या एका विभागाचे आठ जण आले. सोबत चोवीस वर्षांचा गाइड आणि रांगेच्या शेवटी राहणारा एक मदतनीस होता. सकाळ उत्तम गेली.

टेस्टिंगच्या दालनात पहिली अडचण आली. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, तर वाइन आणि सौम्य बीअरसाठी ती २१ ची आहे. वाइन टूरच्या सवयीने संस्थेने अर्जावर ‘वय २१ पूर्ण’ असे छापले होते. गटातील तेवीस वर्षांच्या एका मुलीला दालनातील कर्मचाऱ्याने आधार कार्ड पाहून नम्रपणे नाकारले. बाकीच्यांचे पाच रुपयांचे एकदिवसीय परवाने फाडले जात असताना ती बाजूला बसून राहिली. पैसे पूर्ण घेतलेले असल्याने तिची तक्रार रास्त होती.

दुसरी अडचण कोणाच्याच लक्षात आली नाही. गटातील दोघे जण पीत नव्हते. त्यांचे नमुने वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते हसत विभागप्रमुखांकडे सरकवले. एका माणसाच्या पोटात असे नऊ नमुने गेले. मिसळ सकाळी सव्वाआठची, दुपारचे जेवण परतल्यावर दोनला, आणि मध्ये चकण्याच्या वाटीतले खारे शेंगदाणे. या १३५ मिलीचा हिशेब केल्यास पंच्याहत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात १०० मिलीमागे सुमारे ९० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट अल्कोहोल होते. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीनेच ते कमी करते.

फाटकाबाहेर हेल्मेटचा पट्टा लावताना प्रमुखांची बोटे दोनदा घसरली. गाइडने हे पाहिले. त्याने नंतर सांगितलेला संवाद असा:

“साहेब, जरा अर्धा तास सावलीत बसू या का? उन्हाचं निघायला नको.”

“अरे, डिसेंबरातलं कसलं ऊन? सायकलच आहे ही, गाडी थोडीच आहे!”

“नाही, म्हणजे... तुम्ही मागे माझ्या मित्राबरोबर सावकाश या.”

“तू नको काळजी करू रे. आम्ही कॉलेजला रोज वीस-वीस किलोमीटर सायकल मारायचो.”

बाकीचे हसले आणि गट निघाला. गाइडकडे दुसरा मार्ग काय होता, हे पाहिले पाहिजे. गाडी नव्हती. जेवणाचे हॉटेल दोनच्या वेळेसाठी ठरलेले होते. त्याच्याहून तीस वर्षांनी मोठ्या, सर्व गटाचे पैसे भरलेल्या माणसाला ‘तुम्ही चालवू शकत नाही’ असे सर्वांसमोर सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता. त्याने उन्हाचे निमित्त काढले ते भिडेपोटी, पण त्याच्या हातात निमित्तच तेवढे होते.

म्हसरूळच्या अलीकडे मागून आलेल्या भाजीच्या पिकअपने हॉर्न दिला. प्रमुखांनी दचकून सायकल डावीकडे घेतली, डांबराच्या कडेवरून पुढचे चाक साइडपट्टीच्या खडीत उतरले आणि त्यांनी पुढचाच ब्रेक दाबला. ते उजव्या हातावर पडले. हेल्मेटला तडा गेला, मनगट सुजले. पिकअपवाल्याने वेळीच गाडी थांबवली, नाहीतर हे प्रकरण वेगळ्याच स्वरूपात लिहावे लागले असते. एक्स-रेमध्ये मनगटाच्या हाडाला बारीक तडा दिसला.

गाइडने यानंतर जे केले ते निर्विवाद योग्य होते. त्याने उरलेल्या सर्वांना तेथेच उतरायला लावले, सायकलींच्या बॅटऱ्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि शहरातून गाड्या येईपर्यंत दोन तास कोणालाही हलू दिले नाही. जो अधिकार त्याला फाटकाशी वापरता आला नाही तो अपघाताने त्याच्या हाती आणून दिला होता.

पर्यायांचा विचार

पुढच्या आठवड्यातील नोंदण्या पुढे ढकलून भागीदार बसले. टेस्टिंगच बंद करावे, हा पहिला पर्याय. तो सर्वांत सोपा होता. तळहातावर चोळलेल्या मद्याचा वास, पिंपांचे कोठार आणि भट्ट्या एवढ्यावरही भेट उभी राहू शकत होती. परंतु नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुतेक जण टेस्टिंगसाठीच येत होते, आणि ते काढून टाकल्यास लोक कारखान्याबाहेर पडून वाटेतल्या बारमध्ये थांबतील, अशी रास्त शंका टुरिस्ट गाड्यांच्या भागीदाराने मांडली.

दुसरा पर्याय श्वासचाचणीच्या यंत्राचा. तो प्रथमदर्शनी शास्त्रीय वाटतो. घोट घेतल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे तोंडातील अल्कोहोलमुळे आकडा खोटा चढतो, तेव्हा आधी थांबावे लागते, आणि उलट पोटातील मद्य रक्तात मिसळत असल्यास पुढच्या अर्ध्या तासात खरा आकडा वाढतो, ही तांत्रिक अडचण. त्याहून मोठी अडचण अशी की यंत्रावर २८, म्हणजे ३० च्या मर्यादेच्या आतला आकडा, आला की पाहुणा त्याला परवानगी समजेल. डांबराच्या कडेवरून सावरण्यासाठी लागणारे भान २८ वर शाबूत असेलच असे नाही. आमच्या मते हा पर्याय नाकारणे बरोबर होते.

छोटी सीलबंद बाटली देऊन पाहुण्यांनी ती संध्याकाळी हॉटेलवर चाखावी, असा तिसरा पर्याय पुढे आला. कारखान्याकडे किरकोळ विक्रीचा परवाना नसल्याने तो तेथेच संपला.

क्रम उलटा करावा, म्हणजे सकाळी गाडीने कारखाना आणि मग दुपारी सायकलवर पंचवटी, ही सूचनाही कोणीतरी केली. मद्य घेतलेल्या माणसाला रामकुंडाच्या गर्दीत सायकलवर सोडण्याची ती योजना होती. तिच्यावर पाच मिनिटेही खर्च झाली नाहीत.

उरला तो जुनाच मार्ग: जाताना सायकल, येताना गाडी. वाद झाला तो फक्त भाड्यावर. सायकलवेड्या भागीदाराने येथे एक चांगला प्रश्न विचारला. गाडी ठेवली तरी एखादा पाहुणा ‘मी सायकलनेच येतो’ म्हणून अडून बसला तर गाइडने काय करायचे? फाटकाशी पुन्हा तोच संवाद होणार असेल, तर गाडी असून नसल्यासारखीच.

केलेली कार्यवाही

या प्रश्नाच्या उत्तरातून सहलीची नवी रचना निघाली. पाहुणे कारखान्याच्या फाटकाशी पोहोचले की हेल्मेट आणि बॅटरीची किल्ली मदतनिसाकडे जमा होते. ते आत असताना सायकली टेम्पोत चढतात आणि टेम्पो शहराकडे रवाना होतो. टेस्टिंग संपवून बाहेर आलेल्या पाहुण्यांसमोर फक्त ट्रॅव्हलर उभी असते. सायकलच समोर नसल्यामुळे तिच्यावर बसू द्यावे की नाही, हा प्रश्न गाइडला कोणाशी वादाने सोडवावा लागत नाही. माहितीपत्रकातही सहल आता दोन भागांत छापली जाते, ‘सायकलचा भाग कारखान्याच्या फाटकाशी संपतो’ या वाक्यासह.

जेवण टेस्टिंगच्या आधी घेतले. कारखान्यापासून जवळच्या एका शेतावर अकराला पिठलं-भाकरी आणि ठेचा, मग कारखाना. यामुळे वेळापत्रक तासाने लांबले, परंतु रिकाम्या पोटी घोट घेणे थांबले. नमुने ज्याचे त्यानेच घ्यायचे आणि न पिणाऱ्याचा ग्लास ओतलाच जाणार नाही, हे दालनाने मान्य केले. न पिणाऱ्यांना आणि पंचविशीच्या आतील पाहुण्यांना कमी दराचे तिकीट सुरू झाले आणि वयाचा पुरावा नोंदणीच्या वेळीच मागितला जाऊ लागला. त्या तेवीस वर्षांच्या मुलीला फरकाचे पैसे परत गेले.

कोरडे दिवस, म्हणजे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास वगैरे, वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल केले. त्या दिवशी फक्त शहरदर्शन. आणखी एक बदल अपघाताशी थेट संबंधित नव्हता. मदतनिसाच्या टी-शर्टवर पाठीमागे व्हिस्कीच्या ग्लासचे चित्र होते आणि तोच टी-शर्ट घालून तो सकाळी सातला रामकुंडावर उभा राहत असे. घाटावरील एका ज्येष्ठ दुकानदाराने हटकले तेव्हा ते सर्वांच्या ध्यानात आले. टी-शर्ट बदलले. ही गोष्ट वास्तविक कोणी हटकण्याआधीच सुचायला हवी होती.

गाइडला लेखी अधिकारपत्र देण्यात आले. कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, तो एखाद्या पाहुण्याची सायकल थांबवू शकतो आणि त्याबद्दल पैसे परत करावे लागले तरी संस्था त्याला जाब विचारणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पाहुण्यांच्या अर्जावरही हे वाक्य आले.

परिणाम

दर वाढला आणि त्याचा फटका बसला. लग्नाआधीची पार्टी म्हणून येणारे मित्रांचे गट जवळजवळ बंद झाले, कारण परतताना त्यांना ‘वाटेत थांबून पुन्हा एक पेग’ हवा असे. त्यांची जागा मध्यमवयीन जोडप्यांनी आणि कंपन्यांनी हळूहळू घेतली, पण हंगाम संपेपर्यंत ती पूर्ण भरली नव्हती. पुण्याच्या त्या कंपनीने उपचाराचा खर्च संस्थेकडून मागितला. विमा कंपनीने मद्याच्या मुद्द्यावर दावा नाकारल्याने तो संस्थेला स्वतःच्या खिशातून भरावा लागला, आणि तो आकडा टेम्पो बंद करून वाचलेल्या रकमेहून बराच जास्त होता.

कारखान्याचे मात्र मत सुधारले. सायकली फाटकासमोर तासभर उभ्या राहत नाहीत, गट जेवून येतो आणि मागून कोणाला शोधावे लागत नाही, यामुळे सुरक्षा अधिकाऱ्यांनी गटाची मर्यादा आठवरून बारापर्यंत वाढवू दिली. गाइडने अधिकारपत्राचा वापर एकदाच केला, आणि तोही सकाळी: रात्रभर जागून आलेल्या एका पाहुण्याला मिसळीच्या थांब्यावरूनच ट्रॅव्हलरमध्ये बसवले.

काय वेगळे करता आले असते

भागीदारांनी चर्चेत सर्वाधिक वेळ फाटकावरील त्या दोन मिनिटांवर घालवला. गाइडने ठामपणे सांगायला हवे होते, प्रमुखांनी ऐकायला हवे होते, सहकाऱ्यांनी हसायला नको होते. हे सर्व खरे असले तरी आमच्या मते निर्णय तेथे झालाच नव्हता. टेम्पोचे भाडे वाचवण्याचे ठरले त्या दिवशी तो झाला होता. ज्या आखणीत एका तरुण मुलाने, गाडी नसताना, पैसे भरलेल्या ज्येष्ठ माणसाला अडवावे लागते, ती आखणी त्या मुलाच्या धीटपणावर उभी असते, आणि धीटपणा हा वेळापत्रकाचा भाग धरता येत नाही.

पहिल्या हंगामात सहल सुरक्षित का चालली, हा प्रश्न नव्या सायकली घेण्यापूर्वी विचारला गेला असता, तर टेम्पोचे दुसरे काम उघड झाले असते. सर्व काही बरे चालले असताना हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बिघडल्यावरच कारण शोधले जाते. कोणतीही सोय काढून टाकण्यापूर्वी ती ज्यासाठी ठेवली होती त्याखेरीज आणखी काय करत होती, याची एका पानाची नोंद भागीदारांनी आता सक्तीची केली आहे.

वयाच्या अटीची चूक पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती. वाइन टूरचा अर्ज उचलून व्हिस्कीला लावण्याऐवजी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात किंवा कारखान्याच्या दालनातच एकदा विचारले असते, तरी पुरे होते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. न पिणारे पाहुणे विचारतात की आम्ही घोटही घेतला नाही, मग आमची सायकल का पाठवून दिली? ही तक्रार खरी आहे. मोजक्या दोन-तीन सायकली मागे ठेवल्या तर फाटकाशी पुन्हा सायकल आणि मद्य घेतलेला माणूस समोरासमोर येतात, आणि कोणाला द्यायची याचा वाद गाइडच्या वाट्याला येतो. त्यामुळे संस्थेने हे मान्य केलेले नाही. त्याऐवजी बुधवारी टेस्टिंगविना, जाता-येता सायकलची सहल ठेवून पाहावी, असा प्रस्ताव आहे. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीतील रस्ते बराच काळ वाहनांना बंद राहतील हे गृहीत धरून ती म्हसरूळहून सुरू करायची की जुन्या नाशिकच्या बाजूने, यावर भागीदारांचे अद्याप एकमत झालेले नाही.